सहाव्या घरातला मंगळ

रंजनाच्या पत्रिकेत मंगळ नव्हता. म्हणजे मंगळ प्रत्येकाच्याच पत्रिकेत कुठेतरी असतो, पण ज्या घरात तो बसला की मुलीचं लग्न अडतं, त्या घरात तो नव्हता. हे मला तिच्या कुंभविवाहाच्या आदल्या दिवशी दुपारी कळलं, आणि आजपर्यंत मी ते कोणाला सांगितलेलं नाही. अण्णांना नाही, दादाला नाही, माझ्या बायकोलाही नाही. आमच्या घरात मी मोजकं बोलणारा म्हणून ओळखला जातो. मोजकं बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांना उगाच आदर वाटतो. मला काय बोलायचं नव्हतं ते त्यांना माहीत नाही.

आता सांगायला बसलो त्याला कारण दादाचा फोन. त्याच्या मुलाचं जमतंय. मुलगी चांगली आहे, नोकरी आहे, दोघं एकमेकांना ओळखतात. आणि दादा मला म्हणतो, "विनू, मोबाईलवर पत्रिका टाकली तर मुलीला मंगळ दाखवतोय. तू एकदा नीट बघतोस का? तुझा हात चांगला होता." दादानं हे म्हणावं. आंबवड्याच्या नदीकाठी जो खाली मान घालून उभा होता, त्यानं. मी हो-नाही न म्हणता फोन ठेवला.  राग आला होता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरचा होता.

आमचं घर भोरला एसटी स्टँडच्या मागच्या आळीत होतं. स्टँडवरचा कर्णा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. "वेल्हा गाडी फलाट क्रमांक..." आणि पुढचं कधीच कळायचं नाही. आई त्या कर्ण्यावर स्वयंपाक करायची. महाडची गाडी लागली की भात टाकायचा, पुण्याची गेली की ताटं घ्यायची. आंबेमोहराचा वास, मेतकूट, वर तूप, आणि पलीकडच्या खोलीत अण्णांच्या पाटीवर पेन्सिलीचा कुरकुर आवाज. अण्णा, माझे वडील, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. सगळा जन्म भाटघरच्या पाण्याची पातळी लिहिण्यात गेला आणि निवृत्तीनंतर ग्रहांच्या जागा लिहू लागले. पत्रिका आधी पाटीवर मांडायची, ओल्या फडक्यानं पुसायची, पुन्हा मांडायची, दोन्ही वेळा तीच आली तरच कागदावर घ्यायची, अशी त्यांची शिस्त. कॉलेज संपून मी घरीच होतो, नोकरी लागत नव्हती, म्हणून मलाही त्यांनी शेजारी बसवलं. मला ते आवडायला लागलं. पंचांगातल्या आकड्यांतून एका माणसाचा जन्म उभा राहतो, यात नशा होती. खोटं कशाला बोलू.

अण्णांनी मला पहिल्या दिवशी जी गोष्ट शिकवली ती ग्रहांची नव्हती, एसटीची होती. वेल्ह्याच्या बाजूची माणसं यायची तेव्हा त्यांच्याकडे जन्मवेळ घड्याळाची नसायची. पहिली गाडी गेली तेव्हा, दुपारची परतीची आली तेव्हा, मुक्कामाची गाडी लागली तेव्हा, अशा वेळा. नवशिक्या ज्योतिषी एसटीचं वेळापत्रक बघून तास लिहून मोकळा होतो. अण्णा तसं करत नसत. "गाडी कधी यायला पाहिजे ते मला पाठ आहे," ते म्हणायचे. "त्या दिवशी कधी आली ते सांगा."

"आता ते कसं सांगायचं, अण्णा?" एकदा एक शेतकरी वैतागून म्हणाला. "बायकू बाळंत व्हत हुती, का म्या गाडीची वाट बघत बसलो व्हतो?"

"आत तर तुला घेतलं नसेल. बाहेर ओट्यावर बसला असशील. ओट्यावर बसलेला माणूस गाडीच बघतो. आठव."

आणि मग असा माणूस डोकं खाजवत आठवायचा. पाऊस होता का, कंडक्टर कोण होता, गाडीतून कोण उतरलं. अण्णा त्यातून वेळ काढायचे. कारण असं, की जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात, तिथून पत्रिकेतली घरं मोजतात, आणि ती रास दीड-दोन तासांत बदलते. ती बदलली की सगळ्या ग्रहांची घरं एकानं सरकतात. सातव्यातला मंगळ सहाव्यात जातो. सातवं घर जोडीदाराचं. तिथला मंगळ म्हणजे मुलगी मंगळी. सहावं घर शत्रूंचं, तिथला मंगळ उलट चांगला. एक गाडी उशिरा आली तर एवढा फरक.

अण्णांचं हे कसब मी सांगतो आहे म्हणून त्यांना साधू समजू नका. एकदा एका बड्या कंत्राटदाराच्या मुलीची पत्रिका आली होती. सातव्यात मंगळ, लख्ख. अण्णांनी पाटी दोनदा पुसली, तिसऱ्यांदा मांडली आणि म्हणाले, "गुरूची दृष्टी आहे. दोष राहत नाही." ग्रंथात तसं आहे, खोटं नाही. ग्रंथात मंगळाला सुटायच्या इतक्या वाटा आहेत की शोधणाऱ्याला मंगळी मुलगी सापडणं कठीण. पण वाट कोणासाठी शोधायची आणि कोणासाठी नाही, हे पाटीसमोर बसलेला माणूस ठरवतो. ते कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही.

रंजना वेल्ह्याच्या वाटेवरल्या मार्गासनीची. आमच्यातलीच. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यांच्या घरात आई आणि ती. दादा तेव्हा त्या रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवायला जायचा, ती डीएड करत होती, आणि दोघांची ओळख त्या खडखडत्या गाडीत झाली. घरी कळलं तेव्हा कोणाची हरकत नव्हती. आईला तर ती इतकी आवडली की ती भोरला आली की जेवूनच जायची. उन्हाळ्यात आमच्या माळवदावर कुरडया घातलेल्या असायच्या. रंजना कावळे हाकायला बसायची आणि ओल्या कुरडया कावळ्यांपेक्षा जास्त तीच खायची. आई रागवायची आणि वाटीत चीक काढून द्यायची. मला ती आतापासूनच भाऊजी म्हणायची. "काय भाऊजी, आज कोणाचं लग्न मोडलं?" जिना चढताना विचारायची. तिच्या हसण्याचा आवाज स्टँडच्या कर्ण्याच्या वर ऐकू जायचा. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि बरं वाटत नाही.

पत्रिका बघणं नुसता उपचार होता. पण त्याच सुमाराला अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर हिरवा चष्मा, वाचायला बंदी. म्हणून पत्रिका मी मांडली. चुलत्यांनी वेळ सांगितली होती: श्रावणात, नागपंचमीच्या पाठोपाठ, मुक्कामाची गाडी आली तेव्हा. मी वेळापत्रकातली वेळ धरली. मीन लग्न आलं. कन्येत, म्हणजे सातव्यात, मंगळ आणि त्याच्या मांडीला मांडी लावून शनी. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. इतकी जोरकस युती मी पहिल्यांदाच स्वतःहून पकडली होती. पुस्तकात जसं लिहितात तसं मी अण्णांना म्हणून दाखवलं: मंगळ-शनी सप्तमात, पतीला अरिष्ट, वैधव्ययोग. मी हा शब्द त्या घरात उच्चारला. स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी वाजायची थांबली.

 अण्णांनी विचारलं, "गाडीची चौकशी केलीस ना?"

मी म्हणालो, "हो."

केली नव्हती. विसरलो होतो, आणि विसरलो म्हणायची लाज वाटली. एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी भेटायला आलेल्या माणसांना अण्णा हिरव्या चष्म्याआडून सांगत होते, "विनूनं मांडली. मी फक्त ऐकली. आता मला पाटी पुसायला नको." माझी छाती फुगली होती. त्या फुगलेल्या छातीचा मला आज जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

अण्णांना वाट शोधता आली असती. कंत्राटदारासाठी शोधली तशी. आईनं तसं म्हटलंही, "त्या मुलीला सापडलं काहीतरी. आपल्या घरच्याला नाही सापडत?" त्यावर अण्णा म्हणाले, "घरच्यासाठी पळवाट काढली म्हणतील लोक." म्हणजे नाव त्यांचं, आणि फेडायचं रंजनानं. ठरलं असं की आधी कुंभविवाह करायचा. मुलीचं लग्न मातीच्या घटाशी लावायचं, घट पाण्यात फोडायचा. पत्रिकेत जो नवरा मरायचा तो घटाच्या रूपानं मेला, आता खरं लग्न निर्धास्त. दादा म्हणाला, "अण्णा म्हणतात तर उरकून टाकू." उरकून. हा त्याचा शब्द. रंजनाला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मला म्हणाली, "भाऊजी, घटाकडची माणसं मानपानाला रुसत नाहीत ना?" मग तिनं दादाकडे पाहिलं. तो पंचांग चाळत होता, त्याला त्यातलं अक्षर कळत नसताना. ती म्हणाली, "बरं. करू."

माझी आत्या आंबवड्याला राहायची, म्हणून विधी तिथं, देवळाजवळच्या नदीवर करायचा ठरला. आदल्या दिवशी रंजनाची आई, सरूमावशी, सामान घेऊन आमच्याकडे भोरला आली. करवंदांची पाटी आणि एक कापा फणस. ही बाई पुरुषांसमोर कधी बोलायची नाही. दुपारी अण्णा झोपले होते, आई फणसाचे गरे काढत होती, मी मोरीपाशी हात धूत होतो, तेव्हा ती मागून आली.

"धाकले, एक इचारू का?"

"विचारा ना."

"त्या दिशी गाडी लई उशिरा आली व्हती. वढ्याच्या फरशीवर पाणी व्हतं, गाडी पल्याड अडकली व्हती."

मी नळ बंद केला. "तुम्हाला नक्की आठवतंय?"

"आता घ्या. सुईन त्याच गाडीनं यायची व्हती. कळा माज्या पोटात, आन् गाडी फरशीपल्याड. किती उशीर झाला ते माज्याबिगर कुनाला ठावं असनार? समदी जेवली, भांडी घासून झाली, दिवं बारीक केलं, तवा कुटं गाडी आली. सुईन उतरली आन् पोर झाली."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. तक्रार करत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. "पोरीच्या चुलत्यांनी वेळ सांगितली. बापय मानसांच्या बोलन्यात म्या कुटं पडू? पर उद्या पोरीचं हे असलं करायचं म्हनल्यावर जीव ऱ्हाईना. त्यानं काय फरक पडतो का, तेवढं बगा."

ती आईजवळ गरे काढायला जाऊन बसली. मी पाटी घेतली. तिनं सांगितलेला उशीर कमीत कमी धरला तरी मीन रास केव्हाच उगवून गेली होती. मेष लग्न. कन्या आता सहावी. मंगळ सहाव्यात, शनी सहाव्यात. मी पाटी पुसली, पुन्हा मांडली. तेच आलं. पुस्तक न उघडताही मला त्याचं फळ माहीत होतं: शत्रूंवर मात करणारी, कष्टाळू, निरोगी. दोष शून्य.

पलीकडच्या खोलीत अण्णांच्या घोरण्याचा आवाज येत होता. चार पावलांवर. त्यांना उठवून सांगायचं एवढंच होतं. पण सांगायचं म्हणजे, गाडीची चौकशी केली होती हे खोटं होतं, इथून सुरुवात करावी लागली असती. गावभर झालेलं कौतुक परत करावं लागलं असतं. मी मनाशी हिशेब मांडला तो असा: घट मातीचा आहे. मंत्र म्हणतील, फोडतील, संपेल. पुढच्या आठवड्यात लग्न आहेच. नुकसान कोणाचं? विधी होऊन जाऊ दे, दोष नसला तरी काय बिघडतं? स्वतःला फसवायला लागणारी हुशारी माझ्याकडे भरपूर होती. मी पाटी पुसली, बाहेर आलो, आणि सरूमावशीला म्हणालो, "पाहिलं मी मावशी. गाडीच्या उशिरानं काही फरक पडत नाही."

तिनं चिकट हातांनी मला नमस्कार केला. "मंग हुऊ द्या," म्हणाली. "तुमी बगितलं म्हनल्यावर माजी खातरी पटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबवड्याला नदीकाठी, झुलत्या पुलाच्या खालच्या अंगाला, गुरुजींनी घट मांडला. रंजना पिवळ्या साडीत होती. तिच्याभोवती आणि घटाभोवती सूत गुंडाळलं, अक्षता टाकल्या. पुलावरून जाणारी पोरं थांबून बघत होती आणि ती त्यांच्याकडे बघून हळूच हसली, इथपर्यंत सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे चाललं होतं. मग घट पाण्यात नेऊन फोडला. गुरुजी म्हणाले, झालं, मुलीला स्नान घालून दुसरी साडी नेसवा. तेव्हा आत्या पुढं झाली.

"झालं कसं? नवरा गेला तिचा. बांगड्या फोडा, कुंकू पुसा. करायचं तर पुरतं करा, उद्या माझ्या भाच्याच्या जिवाशी खेळ नको."

गुरुजी चाचरले. "तसं काही विधानात नाही."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा हिरव्या चष्म्याआडून म्हणाले, "शास्त्रात नाही. पण बायकांचं समाधान होत असेल तर असू दे." त्यांनी नाही म्हटलं असतं तर आत्याची काय टाप होती. एवढं काटेकोर माणूस, पाटी दोनदा पुसणारं, आणि इथं असू दे.

दगडावर हात धरून बांगड्या फोडल्या. रंजनाच्या मनगटाला काच लागली. कुंकू कोणी पुसायचं म्हटल्यावर आत्यानं सरूमावशीला पुढं ढकललं. "सवाष्णीनं नाही पुसायचं. तूच पूस. तुला ठाऊक आहे कसं पुसतात ते."

सरूमावशीनं माझ्याकडे बघितलं. दादाकडे नाही, अण्णांकडे नाही. माझ्याकडे. तिनं विचारायचं ते काल मोरीपाशी विचारून झालं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. मी नजर नदीकडे वळवली. मग तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि पोरीचं कपाळ पुसलं.

रंजना रडली नाही. तिनं मनगटावरचं रक्त धुतलं, उभी राहिली आणि आत्याला सरळ आवाजात विचारलं, "आता लग्नात मला कुंकू कोण लावणार?"

"सवाष्णी लावतील की. मी आहे, तुझी सासू आहे."

"आईनं पुसलंय. आईनंच लावायचं."

"वेडी आहेस का? तिनं कसं लावायचं?"

"पुसायला चालते ती."

 रंजना दादाकडे वळली. "तुम्ही सांगा. माझी आई मला कुंकू लावेल का नाही?"

दादानं अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "पोरी, शुभकार्यात तसं चालत नाही." आणि दादानं मान खाली घातली. माझा भाऊ. खाली वाळूत घटाचा एक तुकडा होता, तो पायानं उलटा करत राहिला.

"मग राहू द्या," रंजना म्हणाली. "एकदा झालं तेवढं पुरे." तिनं आईचा हात धरला आणि दोघी झुलत्या पुलावरून पलीकडे गेल्या. पूल हलत होता आणि सरूमावशी घाबरून दोर धरत होती. आत्या मागून बडबडत होती की बघा, सातव्यातला मंगळ कसा बोलतोय. मी ऐकत होतो. तोंड उघडायची तेव्हाही वेळ होती.

आई पुढं कित्येक दिवस अण्णांशी बोलली नाही. ताट समोर सरकवायची आणि आत जायची. त्या वर्षीच्या कुरडया तळल्याच नाहीत, डब्यात मऊ पडल्या. दादानं वर्ष सरायच्या आत पुण्याची मुलगी केली. पत्रिकेत छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते आणि दोघांचं एक दिवसही जुळलं नाही, पण ते जाऊ दे. अण्णा गेले ते मला चांगला शिष्य समजूनच गेले. मी त्यानंतर पाटीला हात लावला नाही. लोकांना वाटलं, भावाचं लग्न मोडलं म्हणून पोराचं मन उडालं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

रंजना शिक्षिका झाली. पुढं तिनं तिच्या मनानं लग्न केलं, पत्रिका न दाखवता, आणि नवरा ठणठणीत आहे. ती नसरापूरला कधी बाजारात दिसते, मान हलवते, पुढं जाते. मला भाऊजी म्हणत नाही. तिच्यापाशी बोलायला माझ्याकडे काही नाही. तिचं तिनं त्या नदीवरच निस्तरलं, आमच्यातल्या एकाही पुरुषाच्या मदतीशिवाय.

सरूमावशीचं तसं नाही. ती अजून मार्गासनीत आहे, पार थकली आहे. गेल्या वर्षी त्या बाजूला एका मयताला गेलो होतो, तिथं बायकांत बसून ती कोणाला तरी सांगत होती, "पोरीचा काय दोस न्हाई, दोस माजा. आनखी थोडी कळ सोसली असती तर पोर चांगल्या येळंला झाली असती." इतकी वर्षं ही बाई हे बोलत आली आहे. कळ तिनं सोसली होती. गाडी येईपर्यंत, सुईण उतरेपर्यंत, वाईट लग्न टळून जाईपर्यंत सोसली होती, आणि हे पृथ्वीवर फक्त मला माहीत होतं. मी तिच्यापासून दोन हातांवर चहाचा कप धरून बसलो होतो. कप रिकामा केला आणि आलो.

दादाला मी उलटा फोन केला नाही. त्याच्या मुलानं मोबाईलवरचा मंगळ बघून काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवावं, बाप सांगेल तसं करू नये एवढीच इच्छा.

मी ग्रह मानतो की नाही, असं कोणी विचारेल. मला माहीत नाही, आणि त्यानं फरक पडत नाही. माझ्याच शास्त्राप्रमाणे ती मुलगी निर्दोष होती. हे छापून येईल, भोरातली चार माणसं वाचतील, मला भला म्हणतील. सरूमावशीला वाचता येत नाही. तेव्हा हे लिहून काही फिटलेलं नाही. मार्गासनीला जाऊन, तिच्या दारात बसून, तिच्या पोरीच्या जन्माची वेळ चांगली होती, तिनं ती मला नीट सांगितली होती आणि मी तिच्याशी खोटं बोललो, हे मी तिला तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.